झिपमधल्या फायलींची वेळ कोडमधून लावताना: घड्याळ कुणाचं, आणि लिहायचं किती ठिकाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनच्या झिपफाइल मॉड्यूलने रोज रात्री बिलांच्या पीडीएफ एका झिपमध्ये भरायच्या आहेत आणि प्रत्येक पीडीएफवर तिची मूळ वेळ दिसली पाहिजे. सर्व्हर क्लाउडवर आहे, झिप उघडणारे पुण्या-मुंबईत. फायलींची वेळ सिस्टिमवर बरोबर असूनही उघडणाऱ्याला ती साडेपाच तास मागे दिसते. शिवाय त्याच फायलींची झिप पुन्हा बनवली की हॅश (फाइलच्या बाइटांवरून काढलेला ओळख-आकडा) वेगळाच येतो. दोन्ही कसं थांबवायचं?

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. झिपमध्ये फाइलची वेळ एका जागी नसते. कमीत कमी दोन जागी असते, बऱ्याचदा चार जागी, आणि त्यातल्या दोन जागी जे लिहिलेलं असतं तो काळातला ठरावीक क्षण नसतो, भिंतीवरच्या घड्याळातला आकडा असतो. ते घड्याळ कुठल्या गावचं, हे झिपमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं बेरीज-वजाबाकीचं काम आहे.

झिपचा फॉरमॅट १९८९चा, फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअरचा. तेव्हा डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, म्हणून वेळही डॉसच्या पद्धतीने ठेवली: २ बाइट तारखेचे, २ बाइट वेळेचे. तारखेचा हिशोब असा:

तारीख = (वर्ष − १९८०) × ५१२ + महिना × ३२ + दिवस
वेळ = तास × २०४८ + मिनिटं × ३२ + (सेकंद ÷ २)

सेकंदांना फक्त ५ बिट मिळाले. त्यात ० ते ३१ एवढंच मावतं, म्हणून सेकंद निम्मे करून ठेवतात. विषम सेकंद त्यामुळे झिपमध्ये राहतच नाही. वर्षाला ७ बिट आहेत, म्हणजे १९८० ते २१०७. त्याच्या अलीकडची-पलीकडची तारीख या फील्डात लिहिताच येत नाही.

आता तुमचंच उदाहरण घेऊ. एक बिल १ एप्रिल २०२४ रोजी पहाटे २ वाजून १५ मिनिटांनी तयार झालं, भारतीय वेळेनुसार. तारीख: ४४ × ५१२ + ४ × ३२ + १ = २२६५७. वेळ: २ × २०४८ + १५ × ३२ = ४५७६. हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) ५८८१ आणि ११ई०. झिपमध्ये लहान बाइट आधी येतो आणि वेळ तारखेच्या आधी असते, म्हणून हेक्स एडिटरमध्ये ई० ११ ८१ ५८ असे चार बाइट दिसतील.

हाच कोड यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) चालणाऱ्या सर्व्हरवर चालवा. तिथल्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे ८ वाजून ४५ मिनिटं झालेली असतात. बाइट येतात ए० ए५ ७एफ ५८. पुण्यात झिप उघडणाऱ्याचा प्रोग्राम हे चार बाइट जसेच्या तसे वाचतो आणि ‘३१ मार्च, २०:४५’ दाखवतो. रूपांतर करणार तरी कशावरून? टाइमझोन लिहिलेलाच नाही. नव्या आर्थिक वर्षातलं बिल जुन्या वर्षात गेलं, आणि लेखा विभागात त्यावरून अर्धा दिवस जातो. कुठल्याच प्रोग्रामची चूक नाही. लिहिणाऱ्याने घड्याळ ठरवलं नव्हतं.

झिपफाइलची राइट पद्धत हेच करते. ती डिस्कवरच्या फाइलची शेवटच्या बदलाची वेळ घेते, तिला लोकलटाइममधून काढते आणि आलेले सहा आकडे डॉस फील्डात टाकते. इथलं लोकल म्हणजे कोड जिथे चालतोय त्या मशीनचं. राइटस्ट्रला (मेमरीतला डेटा झिपमध्ये लिहिणाऱ्या पद्धतीला) नुसतं नाव दिलं तर ती फाइलकडे बघतही नाही, त्या क्षणाची वेळ लावते. हॅश बदलण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सर्व्हरचा टाइमझोनच आशिया/कोलकाता करून टाका, असा सल्ला हमखास मिळतो. त्याने आज काम भागेल. पण उद्या कंटेनर दुसऱ्या इमेजवर गेला की तो पुन्हा यूटीसीत, आणि चूक कुणाच्या लक्षात येणार ती पुढच्या ३१ मार्चला. टाइमझोन कोडमध्येच स्पष्ट लिहा.

आता झिपच्या आत वेळ कुठे कुठे असते ते. प्रत्येक फाइलच्या डेटाच्या आधी एक लोकल हेडर असतं, ३० बाइटचं, आणि त्यापुढे फाइलचं नाव. त्यात सुरुवातीपासून १०व्या बाइटला वेळ आणि १२व्याला तारीख. झिपच्या शेवटी सेंट्रल डिरेक्टरी असते, म्हणजे सगळ्या फायलींची अनुक्रमणिका. तिथली प्रत्येक नोंद ४६ बाइटची अधिक नाव वगैरे, आणि तिथे वेळ १२व्या बाइटला, तारीख १४व्याला. (मोजणी शून्यापासून.) या झाल्या दोन जागा.

उरलेल्या दोन म्हणजे या दोन्ही हेडरांच्या मागे लावता येणारं एक्स्ट्रा फील्ड. डॉसच्या मर्यादा झिप-अनझिप या कमांड बनवणाऱ्या इन्फो-झिपच्या मंडळींना लवकरच खुपल्या, म्हणून त्यांनी हेक्स ५४५५ या क्रमांकाचं फील्ड आणलं. बाइट उलटे लागतात, त्यामुळे ते एडिटरमध्ये ‘यूटी’ या अक्षरांसारखं दिसतं आणि त्याच नावाने ओळखलं जातं. यात १९७०पासूनचे सेकंद यूटीसीमध्ये असतात. इथे खरा क्षण लिहिलेला असतो. वाचणारा त्याच्या गावच्या घड्याळात तो बदलून घेतो.

आपल्या बिलासाठी तो आकडा १७११९१७९०० आहे. फील्ड पूर्ण लिहिलं तर नऊ बाइट: ५५ ५४, मग लांबी ०५ ००, मग खुणेचा एक बाइट ०१, मग ४सी सीबी ०९ ६६. खुणेच्या बाइटमधला पहिला बिट म्हणजे बदलाची वेळ आहे, दुसरा म्हणजे शेवटच्या वाचनाची, तिसरा म्हणजे निर्मितीची. आपल्याला पहिलीच हवी.

दुसरी-तिसरी वेळ घालायचा मोह होतो, तिथे एक खड्डा आहे. लोकल हेडरमध्ये तिन्ही वेळा लिहायच्या असतात, पण सेंट्रल डिरेक्टरीत मात्र फक्त बदलाची वेळ ठेवायची, आणि खुणेचा बाइट तरीही लोकलमधलाच. म्हणजे सेंट्रलमध्ये खूण ‘तीन वेळा आहेत’ म्हणते आणि लांबी ५ असते. हे माहीत नसलेला पार्सर (बाइट वाचून अर्थ लावणारा कोड) पुढचे आठ बाइट वाचायला जातो आणि शेजारच्या फील्डात घुसतो. स्वतः पार्सर लिहिणार असाल तर खुणेवर विसंबू नका, आधी लांबी बघा. पायथनमध्ये तर झिपइन्फोचा (एका नोंदीची माहिती धरणाऱ्या ऑब्जेक्टचा) एकच एक्स्ट्रा दोन्हीकडे छापला जातो, त्यामुळे तिन्ही वेळा घातल्या की सेंट्रलमधली नोंद नियमाबाहेर जाते. फक्त बदलाची वेळ घातली तर दोन्हीकडे तेच नऊ बाइट चालतात. म्हणून तेवढंच करा.

तर प्रत्यक्ष काम या क्रमाने:

१. एकच खरी वेळ घ्या, १९७०पासूनचे सेकंद, पूर्णांकात. फाइलवरून घ्यायची तर ओएस.स्टॅटमधून, बिलाची खरी वेळ डेटाबेसमध्ये असेल तर तिथूनच घ्या, कारण कॉपी करताना फाइलची वेळ कुठेतरी बदललेली असू शकते.

२. त्या सेकंदांवरून डेटटाइम.फ्रॉमटाइमस्टॅम्पने तारीख काढा आणि दुसरा आर्ग्युमेंट म्हणून झोनइन्फोचा आशिया/कोलकाता द्या. टाइमटपलमधले पहिले सहा आकडे म्हणजे तुमचं डेट_टाइम. झोनइन्फो पायथन ३.९पासून आहे, विंडोजवर सोबत टीझेडडेटा हे पॅकेज बसवावं लागतं, नाहीतर झोन सापडत नाही असं म्हणून ते थांबतं.

३. झिपइन्फो नाव आणि डेट_टाइम देऊन बनवा. झिपइन्फोला डेट_टाइम दिलंच नाही तर तो १ जानेवारी १९८०, मध्यरात्र धरतो.

४. कॉम्प्रेस_टाइप हाताने झिप_डिफ्लेटेड करा. हे विसरलं जातंच. झिपफाइल उघडताना दिलेली कॉम्प्रेशनची पद्धत स्वतः बनवलेल्या झिपइन्फोला लागू होत नाही. त्याचं मूळ मूल्य ‘न दाबता ठेव’ असं आहे. वेळा सुधारल्या आणि ४० एमबीची झिप अचानक २०० एमबीची झाली, तर दोष इथे शोधा.

५. एक्स्टर्नल_ॲट्रमध्ये परवानगी घाला: अष्टमानातलं १००६४४, १६ बिट डावीकडे सरकवून. नाहीतर लिनक्सवर उघडलेल्या फायली ६०० परवानगीच्या निघतात आणि वेब सर्व्हरला त्या वाचता येत नाहीत.

६. एक्स्ट्रामध्ये ते नऊ बाइट. स्ट्रक्ट.पॅकचा साचा ‘पेक्षा-लहान’च्या चिन्हाने सुरू करा, मग दोन कॅपिटल एच, एक कॅपिटल बी, एक स्मॉल आय; मूल्यं हेक्स ५४५५, ५, १ आणि सेकंद. सुरुवातीचं ते चिन्ह गाळलं की पायथन मशीनच्या सोयीने मध्ये रिकामे बाइट भरतो, लांबी ५ लिहिलेली आणि डेटा त्याहून जास्त, आणि पुढचा वाचणारा गोंधळतो.

७. राइटस्ट्रला नावाऐवजी हा झिपइन्फो आणि डेटा द्या. फाइल मोठी असेल तर सगळी मेमरीत घेऊ नका: झिपफाइलची ओपन झिपइन्फो आणि लिहिण्याचा मोड देऊन बोलवा आणि शटिलच्या कॉपीफाइलऑब्जने ओता. आकार आधी माहीत नसेल आणि २ जीबीच्या वर जाण्याची शक्यता असेल तर फोर्स_झिप६४ चालू ठेवा (झिप६४ म्हणजे मोठ्या फायलींसाठीचा झिपचा वाढीव प्रकार).

पुण्यात बसलेल्या माणसाला आता ‘१ एप्रिल, ०२:१५’ दिसेल, मग त्याचा प्रोग्राम यूटी वाचणारा असो वा नुसता डॉसवाला. न्यू जर्सीतल्या कचेरीत मात्र फरक पडेल: यूटी वाचणारा तिथला प्रोग्राम ३१ मार्चची दुपार दाखवेल, डॉसवाला १ एप्रिलची पहाट. दोन्ही आपापल्या परीने बरोबरच आहेत. एकाच झिपमधून सगळीकडे एकच आकडा दिसावा अशी अट असेल तर यूटी गाळा आणि डॉस फील्डात ठरलेल्या झोनची वेळ ठेवा. खरा क्षण जपायचा असेल तर यूटी ठेवा. दोन्ही एकदम मिळत नाही. बिलांसाठी माझं मत यूटी ठेवण्याच्या बाजूने, आणि तारीख फाइलच्या नावातही घालण्याच्या.

आता एक चूक जरा जवळून बघू, कारण ती कोड वाचून कळत नाही. झिप अपेंड मोडमध्ये उघडायची, इन्फोलिस्टमधून फिरायचं, प्रत्येक नोंदीचं डेट_टाइम बदलायचं आणि बंद करायची. एरर येत नाही. तारखाही बदलत नाहीत, कारण नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर झिपफाइल बंद होताना सेंट्रल डिरेक्टरी पुन्हा लिहीतच नाही. मग कुणीतरी युक्ती करतं: एक छोटी रिकामी फाइल जोडायची, म्हणजे ती लिहावी लागेल. लिहिते खरी, पण फक्त सेंट्रल डिरेक्टरी. लोकल हेडर डिस्कवर आधीच उतरलेली असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. आता एकाच झिपमध्ये एकाच फाइलच्या दोन तारखा. अनझिप आणि पायथन सेंट्रल वाचतात, त्यांना नवी दिसते. जावाचा झिपइनपुटस्ट्रीम पुढून सरळ वाचत जातो, त्याला जुनी. ‘माझ्याकडे बरोबर दिसतंय’ हे भांडण इथूनच सुरू होतं.

दुसरा प्रकार उलटा. डॉस फील्ड दोन्हीकडे नीट बदललं, पण झिपमध्ये आधीपासून यूटी होतं, त्याला विसरले. लिनक्सचं अनझिप यूटीला जास्त मान देतं, म्हणून ते जुनीच वेळ दाखवत राहतं.

आधीच बनलेल्या झिपमध्ये वेळ बदलायची असेल तर सोपा मार्ग म्हणजे एक झिप वाचत दुसरी लिहायची. फायली प्रचंड असतील आणि पुन्हा दाबण्यात वेळ घालवायचा नसेल, तर जागच्या जागी बाइट बदलता येतात. फाइलच्या शेवटाकडून पीके ०५ ०६ ही खूण शोधा. तो शेवटचा भाग २२ बाइटचा, अधिक टिप्पणी असेल तर ती, जास्तीत जास्त ६५५३५ बाइटची. त्यात १०व्या बाइटला नोंदींची संख्या आणि १६व्याला सेंट्रल डिरेक्टरीची जागा. तिथून एकेक नोंद घ्या: २८, ३० आणि ३२व्या बाइटला नाव, एक्स्ट्रा आणि टिप्पणी यांच्या लांब्या, ४२व्याला लोकल हेडरची जागा. सेंट्रलमध्ये १२व्या बाइटपासून चार बाइट बदला, लोकलमध्ये १०व्यापासून चार, आणि दोन्हीकडच्या एक्स्ट्रामध्ये ५४५५ असेल तर तेही. ४६ अधिक त्या तीन लांब्या एवढं पुढे सरकलं की पुढची नोंद. सीआरसी (डेटा शाबूत आहे का हे तपासण्याचा आकडा) फक्त फाइलच्या डेटावर काढलेला असतो, वेळ बदलल्याने तो बिघडत नाही. लोकलमधल्या एक्स्ट्राची लांबी मात्र लोकल हेडरमधूनच वाचा (२८वा बाइट). सेंट्रलमधली लांबी तिथे वापरली तर चुकीच्या जागी लिहाल, आणि तो डेटा असेल. झिप६४ असेल तर हे आकडे तेवढे पुरत नाहीत, तिथे दुसरी झिप लिहिणंच शहाणपणाचं.

जागच्या जागी बदलण्याला दोन अपवाद लक्षात ठेवा. पहिला, पासवर्ड लावलेली जुन्या पद्धतीची झिप. हेडरमधल्या खुणांच्या फील्डात बिट क्रमांक ३ (शून्यापासून मोजून) चालू असेल, म्हणजे सीआरसी डेटाच्या नंतर लिहिलेला असेल, तर पासवर्ड बरोबर आहे का हे तपासण्यासाठी लागणारा एक बाइट डॉस वेळेचाच वरचा बाइट असतो. वेळ बदलली की बरोबर पासवर्डलाही ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणून उत्तर येतं, आणि माणूस पासवर्ड शोधत बसतो. दुसरा, सह्या असलेल्या फायली. जावाच्या जार फायलीची जुनी सही आतल्या मजकुरावर असते, तिला वेळेशी देणंघेणं नाही. अँड्रॉइडची एपीके सही दुसऱ्या आवृत्तीपासून पूर्ण फाइलवर असते. तिथे एक बाइट हलला तरी इन्स्टॉल होणार नाही. वेळ आधी, सही नंतर.

हॅशच्या तक्रारीकडे वळू. बिलं मागच्या रात्रीचीच असतील तर वर सांगितलेल्या पद्धतीने वेळा स्थिर होतात, कारण त्या आता डेटाबेसमधून येतात. तरीही हॅश हलला तर क्रम बघा: ओएस.लिस्टडिरचा क्रम ठरलेला नसतो, सॉर्ट करूनच भरा. मग क्रिएट_सिस्टम: विंडोजवर तो ० असतो, लिनक्स-मॅकवर ३. दोन्हीकडे बनणारी झिप एकच हवी असेल तर ३ ठोकून टाका. फाइलवरून परवानगी घेत असाल तर युमास्कमुळेही (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेटिंगमुळेही) फरक पडतो. शेवटी झेडलिब, म्हणजे दाबण्याचं काम करणारी लायब्ररी: तिची आवृत्ती किंवा बांधणी बदलली तर तोच डेटा वेगळ्या बाइटांत दाबला जाऊ शकतो, आणि त्याला वेळेच्या फील्डात औषध नाही.

जिथे खऱ्या वेळेची गरजच नाही, म्हणजे बिल्डमधून निघणारी झिप, फंक्शन म्हणून क्लाउडवर चढवायची झिप, तिथे सगळ्या नोंदींना एकच ठरलेली तारीख द्या आणि यूटी घालू नका. १ जानेवारी १९८०, ००:०० ही तारीख पायथनमध्ये सरळ सहा आकडे म्हणून दिली तर सुरक्षित आहे. पण जिथे लायब्ररी क्षण मागते आणि स्वतः घड्याळात बदलते, तिथे ही तारीख काठावरची आहे: यूटीसीतली ती मध्यरात्र म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ३१ डिसेंबर १९७९, आणि डॉसला १९७९ ठाऊक नाही. ग्रेडल हे बिल्डचं साधन यासाठीच १ फेब्रुवारी १९८० वापरतं. तिथे प्रिझर्व्हफाइलटाइमस्टॅम्प्स बंद आणि रिप्रोड्युसिबलफाइलऑर्डर चालू केलं की काम होतं. मेव्हन या दुसऱ्या बिल्ड-साधनात प्रोजेक्ट.बिल्ड.आउटपुटटाइमस्टॅम्प. एनपीएमच्या (जावास्क्रिप्टच्या) पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलवर २६ ऑक्टोबर १९८५ ही तारीख दिसते, तिच्यामागेही १९८०च्या आधीची तारीख झिपला झेपत नाही हेच कारण.

सोर्स_डेट_इपॉक हा पर्यावरण-चल (बिल्डसाठी ठरवून दिलेले १९७०पासूनचे सेकंद) वाचणार असाल तर ३१५५३२८०० पेक्षा लहान मूल्य तिथेच अडवा. तो आकडा म्हणजे १ जानेवारी १९८०. ‘झिपला १९८०पूर्वीच्या वेळा चालत नाहीत’ अशा अर्थाचा व्हॅल्यूएरर पायथन देतो, तो बहुतेक वेळा अशा ठिकाणी भेटतो जिथे फायलींची वेळ १९७०वर आणून ठेवलेली असते. निक्स या पॅकेज मॅनेजरच्या भांडारात तर ती जाणूनबुजून १ सेकंद असते. झिपफाइल किंवा झिपइन्फो.फ्रॉम_फाइल यांना स्ट्रिक्ट_टाइमस्टॅम्प्स फॉल्स दिलं (३.८पासून) तर अशी तारीख ओढून १९८०वर आणली जाते आणि २१०७च्या पलीकडची ३१ डिसेंबर २१०७वर. बिल्डसाठी चालेल. बिलांसाठी नको, कारण तिथे १९७० दिसणं हीच मुळात चूक आहे आणि ती ओरडून सांगितली जायला हवी.

उघडतानाची बाजू. पायथनचं एक्सट्रॅक्टऑल वेळ लावतच नाही. सगळ्या फायलींवर उघडल्याची वेळ पडते. शिवाय वाचताना झिपफाइल यूटी समजूनही घेत नाही, डेट_टाइम फक्त डॉसवरून येतं. म्हणून एक्स्ट्रा स्वतः चाळा: २ बाइट क्रमांक, २ बाइट लांबी, तेवढा डेटा, पुन्हा पुढचं. ५४५५ सापडलं आणि खुणेचा पहिला बिट चालू असेल तर पुढचे ४ बाइट घ्या. नसेल तर डॉसवर या आणि ती वेळ कुठल्या झोनची मानायची ते तुम्ही ठरवा. मग फाइल बंद झाल्यावर ओएस.यूटाइम. फोल्डरांच्या वेळा सगळ्यात शेवटी, आतल्या फोल्डरापासून बाहेर येत. आधी लावल्या तर पुढची फाइल आत पडताक्षणी त्या बदलतात.

तुलना करताना दोन सेकंदांची सूट ठेवा. पायथन विषम सेकंद खाली ओढतो, इन्फो-झिपचं झिप वर ढकलतं. त्यामुळे झिपमधली फाइल मूळ फाइलपेक्षा एक सेकंद ‘नवी’ ठरू शकते आणि ‘नवी असेल तरच कॉपी कर’ हा नियम उगाच सगळं पुन्हा कॉपी करतो. आरसिंक या कॉपीच्या साधनाला अशा ठिकाणी मॉडिफाय-विंडो १ देतात ते यासाठी.

दोन सेकंदही जास्त वाटत असतील, किंवा २०३८नंतरच्या तारखा लागत असतील (यूटीचा आकडा ३२ बिटांचा, चिन्हासहित, १९ जानेवारी २०३८ला संपतो), तर एनटीएफएसचं फील्ड आहे, क्रमांक हेक्स ०००ए. लांबी ३२: चार बाइट राखीव, मग १ आणि २४ हे दोन छोटे आकडे, मग बदल, वाचन आणि निर्मिती अशा तीन वेळा, प्रत्येकी ८ बाइट. इथे मोजणी १ जानेवारी १६०१पासून, एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. एसटी_एमटाइम_एनएसला १००ने पूर्णांकात भागा आणि ११६४४४७३६००००००००० मिळवा. दशांशातल्या एसटी_एमटाइमवरून काढू नका, शेवटचे आकडे घसरतात. सेव्हन-झिप हे फील्ड वाचतं.

इतर भाषांत तेच, थोड्या वेगळ्या वळणाने. जावात सेटटाइम क्षण घेते पण मशीनच्या झोनमध्ये बदलून डॉस फील्डात लिहिते. जावा ८ची सेटलास्टमॉडिफाइडटाइम यूटीही लिहिते. झोनची भानगड नको असेल तर जावा ९ची सेटटाइमलोकल. गोमध्ये फाइलहेडरचं मॉडिफाइड भरलं की डॉस आणि यूटी दोन्ही आपोआप येतात, पण नुसत्या क्रिएटने बनवलेल्या नोंदीत तारखेचे बाइट शून्य राहतात. शून्य महिना, शून्य दिवस: १९८०चा शून्यावा महिना म्हणजे डिसेंबर १९७९, त्याचा शून्यावा दिवस म्हणजे ३० नोव्हेंबर १९७९. ही तारीख कुठेही दिसली तर समजा की वेळ भरायचीच राहिली आहे. डॉटनेटच्या झिपआर्काइव्हएन्ट्रीला लास्टराइटटाइम आहे, तो डेटटाइमऑफसेट घेतो; ऑफसेट दिसतो म्हणून हुरळू नका, झिपमध्ये तो उतरत नाही. नवी झिप बनवताना तो नोंद उघडून लिहिण्याआधीच लावायचा, नंतर लावला तर अपवाद फेकला जातो. पीएचपी ८पासून सेटएमटाइमनेम आणि सेटएमटाइमइंडेक्स.

जीझिपचं मात्र फार सरळ आहे: दहा बाइटच्या हेडरमध्ये चौथ्या बाइटपासून चार बाइट, यूटीसीतले सेकंद, शून्य म्हणजे वेळ नाही. पायथनमध्ये जीझिपफाइलला एमटाइम शून्य द्या, शेलवर जीझिपला उणे एन. टारचा जीझिप करत असाल तर टारच्या आतल्या वेळा वेगळ्या आणि जीझिपची वेगळी, दोन्हीकडे बघा.

तपासणी हेक्स एडिटरशिवायही होते. झिपइन्फो ही कमांड उणे व्हीसह चालवली की प्रत्येक फाइलसाठी डॉसची वेळ एका ओळीत आणि यूटी असेल तर त्याची वेगळ्या ओळीत छापते. झिपडिटेल्स ही पर्लसोबत येणारी कमांड लोकल आणि सेंट्रल दोन्ही हेडरं बाइटनिशी उलगडून दाखवते. दोघांत फरक आहे का हे तिथेच कळतं. घाईत असाल तर अनझिप उणे एल दोनदा चालवा, एकदा टीझेड यूटीसी करून, एकदा आशिया/कोलकाता करून. दोन्ही वेळा आकडे तेच आले तर झिपमध्ये फक्त डॉस आहे. साडेपाच तासांनी हलले तर यूटी आहे, आणि कोलकाता लावल्यावर आपल्या त्या बिलासमोर १ एप्रिल, ०२:१५ यायला हवं.